चाळीस गुणांचा पेपर आणि गुणपत्रिकेवरचा शेरा

दहावीचा निकाल लागला की कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आता दरवर्षीची झाली आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या कोकण मंडळाचा निकाल २०२४ साली ९९.०१ टक्के लागला, २०२५ साली ९८.८२ टक्के. त्या दोन वर्षांत राज्याचा निकाल अनुक्रमे ९५.८१ आणि ९४.१० टक्के होता. पेढे वाटले जातात, चौकात फलक लागतात, पुढारी अभिनंदनाची पत्रके काढतात. अभिनंदन आम्हीही करतो. मुलांनी आणि शिक्षकांनी कष्ट घेतलेले असतात, त्याचे कौतुक झालेच पाहिजे. परंतु शंभरातील नव्व्याण्णव मुले पास होत असताना आमच्या दोडामार्ग तालुक्यातील बौद्धवाड्यांतून किती मुलांनी अकरावीला विज्ञान घेतले, किती मुली पॉलिटेक्निकला गेल्या, आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचा ट्रेड किती जणांना मिळाला, हा हिशेब कोणी मांडतो काय? मंडळ मांडत नाही, शाळा मांडत नाही, आणि स्पष्टच बोलायचे तर आपल्या गावशाखाही मांडत नाहीत. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब मात्र पैशापर्यंत चोख असतो!

या न मांडलेल्या हिशेबाची किल्ली बऱ्याच अंशी एका पेपरात आहे. गणित भाग १, म्हणजे बीजगणित. चाळीस गुण, दोन तास. हा पेपर जवळ आला की वाडीवाडीत एकच वाक्य ऐकू येते, "आमच्या झिलाक गणित जमना नाय." आधी ते बाप बोलतो, मग आई बोलते, आणि काही दिवसांनी मुलगा स्वतःच ते अभिमानाने सांगू लागतो. वाक्य घरात रुजले की पस्तीसची बेगमी करून सुटायचे, एवढेच ध्येय उरते. पुढे कला शाखा, तीही आवडीने नव्हे तर नाइलाजाने. नाही तर सीमेपलीकडे गोव्यात थिवी, करासवाडा, पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत हेल्पर. कला शाखेला आम्ही कमी लेखत नाही. चळवळीचे निम्मे लेखक, वक्ते आणि वकील तिथूनच आले. आमचा आक्षेप नाइलाजाला आहे.

दोडामार्ग १९९९ साली सावंतवाडीतून वेगळा तालुका झाला. तिळारीचे धरण झाले, काजू, केळी, रबराच्या बागा उभ्या राहिल्या, तरी तरुणांची रोजची वाट गोव्याकडेच जाते. त्या वाटेवर एकाच बसमध्ये दोन मुले शेजारी बसलेली असतात. एक इलेक्ट्रिशियन, दुसरा हेल्पर. दोघे एकाच शाळेत शिकलेले, दोघे दहावी पास. इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला दहावीचे गणित आणि विज्ञान लागते. एकाला ते आले आणि दुसऱ्याला "जमना नाय" म्हणून सोडून दिले, एवढाच दोघांत फरक; आणि तो फरक महिन्याच्या महिन्याला पगारात दिसतो.

या पार्श्वभूमीवर एका सरकारी तरतुदीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. राज्याच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात अशी तरतूद असल्याचे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाले, की दहावीला गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला पुढे जाता येईल. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर शेरा राहील, की यापुढे त्याला गणित किंवा विज्ञान घेता येणार नाही. शेरा नको असेल तर पुन्हा परीक्षेला बसण्याचा मार्ग मोकळा. नवा अभ्यासक्रम दहावीपर्यंत पोहोचेल तेव्हा हे अमलात यावयाचे आहे, असे त्या वेळी सांगण्यात आले. म्हणजे आज परीक्षेला बसणाऱ्या मुलांना तो शेरा लागणार नाही. त्यांच्या धाकट्या भावंडांना लागू शकतो.

या तरतुदीची दुसरी बाजू आम्ही नाकारत नाही. केवळ गणितात अडकले म्हणून कोणाचे शिक्षण संपू नये, ही मागणी जुनी आणि रास्त आहे. याच मंडळात काही वर्षे सामान्य गणिताचा सोपा पर्याय होता, पुढे तो बंद झाला. ज्या मुलाला खरोखरच आकलनाची अडचण आहे त्याला सवलत मिळालीच पाहिजे. प्रश्न असा आहे की वीस गुणांची सवलत घेणार कोण? शहरातील डॉक्टरांचा मुलगा तेवीस गुणांवर अडला तर घरी शिकवणीचे मास्तर येतील, तो पुन्हा परीक्षेला बसेल, शेरा पुसून घेईल. काजूच्या बोंडांची करंडी डोक्यावर वाहणाऱ्या बाईची मुलगी तेवीस गुणांवर पास झाली तर त्या घरात पेढे वाटले जातील. शेऱ्याचा अर्थ तिला कोणी समजावून सांगणार नाही. दोन वर्षांनी ती नर्सिंगचा फॉर्म भरायला जाईल तेव्हा कळेल, आणि तोवर उशीर झालेला असेल.

विषय नाकारून माणसाची जागा ठरवायची पद्धत या देशाला नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत घ्यायचे होते, ते घेऊ दिले गेले नाही. फारसी घ्यावी लागली. त्याच काळातील मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधील फळ्याचा प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे. शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले आणि वर्गात एकच गोंधळ उडाला, कारण सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्याच्या मागे ठेवलेले होते! डबे बाजूला झाल्यावर मग भीमराव फळ्यापर्यंत पोहोचले. आमच्या देशात भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणितावर ग्रंथ लिहिला, याचा अभिमान व्यासपीठांवरून सांगितला जातो. अभिमान जरूर असावा. पण ते बीजगणित महारवाड्यातील मुलापर्यंत पोहोचायला पुढे किती शतके लागली, तेही त्याच व्यासपीठावरून सांगितले जावे.

आणखी एक आकडा आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीच्या पहिल्या पानावर असावा असे आम्हांला वाटते. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुणांनी. म्हणजे सुमारे ३७.६ टक्के. आजच्या पेढेवाटपाच्या काळात या गुणांचा फलक कोणी लावला नसता. त्या गुणपत्रिकेवर कोणी शेरा मारला असता, की या विद्यार्थ्याने यापुढे आकड्यांच्या वाटेला जाऊ नये, तर? रुपयाच्या प्रश्नावर लंडनला प्रबंध लिहिणारा अर्थशास्त्रज्ञ मिळाला असता काय? जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणासाठी जे विषय मागितले त्यांत हिशेब होता, हेही येथे आठवावे. सावकाराच्या वहीतील आकडा कळावा म्हणून तो मागितला होता.

आता प्रत्यक्ष पेपराकडे येऊ. भाषणे पुष्कळ होतात, पेपर कसा असतो हे पालकांना ठाऊक नसते.

बीजगणिताच्या पुस्तकात सहा प्रकरणे आहेत: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. चाळीस गुणांची वाटणी पाच प्रश्नांत होते. पहिला प्रश्न आठ गुणांचा, दुसरा बारा, तिसरा नऊ, चौथा आठ आणि पाचवा तीन गुणांचा. पहिल्या दोन प्रश्नांत सगळी उदाहरणे एका किंवा दोन गुणांची आहेत. दुसऱ्यात तर काही कृती अशा असतात की चौकट भरायची, बाकीची पायरी छापलेलीच असते. म्हणजे चाळीसपैकी वीस गुण असे आहेत की ज्यांना फार मोठी हुशारी लागत नाही, रोजचा सराव लागतो. मुलगा घाबरतो तो चौथ्या-पाचव्या प्रश्नाला, आणि त्या भीतीने पहिले दोनही सोडून देतो. तयारीची सुरुवात येथूनच करावी. आधी हे वीस पक्के झाले पाहिजेत. मग तिसरा प्रश्न. शाळेच्या हातातील वीस अंतर्गत गुणांवर विसंबून राहणाऱ्याने अकरावीत काय करायचे, तेही आधीच ठरवून ठेवावे.

समीकरणाच्या प्रकरणात मुले दोन ठिकाणी गुण घालवतात. एक म्हणजे चिन्ह. उणे संख्या बरोबरच्या चिन्हापलीकडे नेताना ती अधिक करायची राहते आणि सगळे उत्तर वाया जाते. दुसरी जागा शाब्दिक उदाहरणाची, आणि ही अडचण गणितापेक्षा भाषेची जास्त आहे. घरी मालवणी बोलणाऱ्या मुलाला "एक संख्या दुसरीच्या दुपटीपेक्षा पाचने लहान आहे" हे पुस्तकी वाक्य एकदम पचत नाही. त्याला ते आधी आपल्या बोलीत सांगायला लावावे. सांगता आले की समीकरण आपोआप मांडले जाते.

उदाहरण म्हणून असे एक घ्या, आणि ते घरातलेच घ्या. एक कामगार एका आठवड्यात सहा दिवस भरतो आणि चार तास ओव्हरटाइम करतो. त्याला ३,४०० रुपये मिळतात. पुढच्या आठवड्यात पाच दिवस भरतो, दहा तास ओव्हरटाइम करतो; ३,५०० रुपये मिळतात. ठेकेदार दर सांगत नाही, नुसती रक्कम हातावर ठेवतो. एका दिवसाची मजुरी क्ष आणि ओव्हरटाइमच्या एका तासाचा दर य मानला, तर ६क्ष + ४य = ३४०० आणि ५क्ष + १०य = ३५००. पहिल्याला दोनने भागा, ३क्ष + २य = १७००. दुसऱ्याला पाचने भागा, क्ष + २य = ७००. वजाबाकी केली की २क्ष = १०००. मजुरी ५०० रुपये, ओव्हरटाइमचा दर तासाला १००. दहावीच्या मुलाला हे पाच मिनिटांत आले पाहिजे.

पण येथे थांबू नका. आठ तासांना ५०० म्हणजे तासाला साडेबासष्ट रुपये. ओव्हरटाइमला साध्या दराच्या दुप्पट दर द्यावा, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ५९ व्या कलमात होते आणि नव्या कामगार संहितेतही दुप्पट दर कायम आहे. म्हणजे तासाला १२५ मिळायला हवे होते. तासामागे पंचवीस रुपये कापले गेले. दोन आठवड्यांच्या चौदा तासांचे ३५०. ही चोरी बापाच्या लक्षात आली नाही, दहावीतल्या मुलीच्या समीकरणाने पकडली! वकिली करताना पगाराच्या असल्या चिठ्ठ्या आम्ही नेहमी पाहतो. कलम आम्ही सांगू शकतो, पण किती रुपये बुडाले हे ज्याचे त्याला सांगता आले तर दाव्याचे निम्मे काम होते. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी कामाच्या तासांसाठी लढा दिला आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवडा ४८ तासांवर आला. ते तास मोजता आले नाहीत तर कायद्याचा उपयोग काय?

बाकीच्या प्रकरणांबद्दल थोडक्यात. वर्गसमीकरणात अवयव पडत नसतील तर सूत्र वापरावे. सूत्र लिहिण्यालाही गुण असतो, म्हणून कोरे पान ठेवून उठू नये. श्रेढीला दोनच सूत्रे आहेत. अर्थनियोजनाचे प्रकरण "आपला शेअर बाजाराशी काय संबंध?" म्हणून पुष्कळ मुले गाळतात, वास्तविक त्यात शेकडेवारीखेरीज काही नाही. म्हापशाच्या दुकानातले बिल समोर ठेवा, त्यावर केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी निम्मा-निम्मा लिहिलेला सापडेल. (पुस्तक आले तेव्हाचे १२ आणि २८ टक्क्यांचे दर २०२५ च्या सप्टेंबरपासून बहुतेक वस्तूंवरून गेले, पण परीक्षेत दर प्रश्नातच दिलेला असतो, गोंधळून जाऊ नये.) संभाव्यतेत पत्त्यांच्या ५२ पानांवर उदाहरणे येतात आणि मुली तेथे अडतात, कारण घरात पत्ते मुलग्यांच्या हाती असतात. एक दिवस मुलींना पत्ते द्या. सांख्यिकीची कोष्टके लांबलचक असतात. तेथे घाई करणारा बेरजेत चुकतो.

आणि गाइडातील उत्तरे वाचणे किंवा वहीत उतरवून काढणे याला अभ्यास म्हणत नाहीत. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, स्वतःच्या हाताने सुटले तरच ते आले. दर रविवारी मंडळाची एक जुनी प्रश्नपत्रिका, समोर घड्याळ, दोन तास, मध्ये उठायचे नाही. चुकलेली उदाहरणे वेगळ्या वहीत. पुढच्या रविवारी आधी ती वही.

बीजगणिताचा नागरी हक्कांशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांसाठी अमेरिकेतील एक दाखला देतो. रॉबर्ट मोझेस हे कृष्णवर्णीय गणितशिक्षक. १९६१ पासून त्यांनी मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीचे काम केले. तेथे नोंदणीला गेलेल्या शेतमजुराला राज्यघटनेतील उतारा वाचून त्याचा अर्थ सांगायला लावत आणि नापास करत. मोझेस यांनी मार खाल्ला, तुरुंगवास भोगला. पुढे १९८२ साली त्यांच्या लक्षात आले की आपल्या मुलीच्या शाळेत आठवीला बीजगणित शिकवतच नाहीत. त्यातून त्यांनी बीजगणित प्रकल्प उभा केला आणि २०२१ साली निधन होईपर्यंत ते त्याच कामात राहिले. त्यांचे म्हणणे असे की मिसिसिपीत मतासाठी जशी अक्षरे लागली, तसे आजच्या काळात आर्थिक नागरिकत्वासाठी बीजगणित लागते. शिकवण्याची त्यांची रीत आम्हांला फार आवडते. ते मुलांना भुयारी रेल्वेतून फिरवून आणत आणि स्थानकांवरून अधिक-उणे संख्या शिकवत. आपल्याकडे रेल्वे नसली तरी एस.टी. आहे. दोडामार्ग स्टँड म्हणजे शून्य. बांद्याकडचे थांबे अधिक, अस्नोड्याकडचे उणे. उणे तीनवरून अधिक दोनवर जायला किती थांबे, हे सातवीचे पोरही सांगेल.

सरकारला आम्ही मोकळे सोडत नाही. संविधानाच्या ४६ व्या कलमाने अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी घेण्याचे काम राज्यावर टाकले आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो, म्हणजे नेमके बीजगणित सुरू होते तेव्हा. त्यात १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने कमी पटाच्या शाळांतील शिक्षकांच्या पदांवर गदा आणली. दोडामार्गसारख्या डोंगरी तालुक्यात पट कमी असणारच. वाड्या विखुरलेल्या आहेत. जेथे गणिताचा शिक्षकच राहणार नाही तेथे मुलाच्या गुणपत्रिकेवर शेरा मारण्याचा अधिकार सरकारला कोणी दिला? शेरा मारायचाच तर शिक्षक न देणाऱ्या खात्याच्या सेवापुस्तिकेत मारावा. आमच्या संघटनांनी या प्रश्नावर गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी निवेदन द्यावे, पोच घ्यावी, आणि शाळानिहाय गणित-विज्ञान शिक्षकांची माहिती, माहितीच्या अधिकारात मागावी. तोंडी विनंत्यांची फाइल होत नाही.

परीक्षेला मात्र सरकारची वाट पाहता येत नाही. प्रत्येक गावातील बुद्धविहार या दिवसांत संध्याकाळी अभ्यासिका म्हणून उघडे राहिले पाहिजे. विहाराला दोन दिवे जास्तीचे, एक फळा, खडू आणि बसायला सतरंज्या, एवढाच खर्च आहे. शिकवायला मोठा विद्वान लागत नाही. गावात बारावी विज्ञान झालेला, डिप्लोमा केलेला, बँकेत लागलेला एक तरी मुलगा किंवा मुलगी असते. त्यांनी आठवड्याचे दोन दिवस द्यावेत. कोणीच नसेल तर शेजारच्या गावच्या मराठा, भंडारी, ख्रिस्ती शिक्षकाला सन्मानाने बोलवावे. पुष्कळ शिक्षक आनंदाने येतात, फक्त कोणी विचारत नाही. आणि अभ्यासिका सर्व जातींच्या मुलांना खुली असावी. ज्यांना फळ्यापाशी येऊ दिले नव्हते त्यांच्या फळ्यापाशी आता कोणीही यावे.

मुलांना ७५ टक्क्यांवर राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळते, याची माहिती विहारातच द्यावी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते ही कागदपत्रे निकालाआधी तयार असावीत. निकालानंतर तहसील कार्यालयात रांगा लागतात आणि प्रवेशाची मुदत निघून जाते.

तिळारी खोऱ्यातील गावांसाठी एक सूचना वेगळी. २००२ पासून या भागात हत्तींचा वावर आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये मोर्ले येथे हत्तीच्या हल्ल्यात एका शेतकऱ्याचा जीव गेला. तेव्हा अंधार पडल्यावर मुलांना एकट्याने विहाराकडे पाठवू नये. अशा वाड्यांनी अभ्यासिका पहाटेऐवजी उजाडल्यावर ठेवावी, किंवा संध्याकाळी लवकर सुरू करून सात वाजता सोडावी, आणि पोचवायला दोन मोठी माणसे बॅटरी घेऊन बरोबर असावीत. पुरुष मंडळी गोव्याहून परतायला उशीर होतो, म्हणून महिला मंडळाने ही पाळी आधीच लावून घ्यावी आणि विहाराची किल्ली अशा घरी ठेवावी जेथे दिवसभर कोणी ना कोणी असते.